फुटक्या फरशीचा माळढोक : सोलापुरातल्या एका घराच्या भिंतीचं प्रकरण

मी सिव्हिल इंजिनिअर. सोलापुरात घरदुरुस्तीची, विशेषतः गच्चीच्या गळतीची कामं पाहते. भिंतीवरच्या चित्राशी माझा एरवी संबंध येत नाही. या घरात मला बोलावलं तेव्हा फुटक्या टाइलच्या तुकड्यांनी केलेल्या चित्राचा एक भाग कोसळून अंगणात पडला होता, आणि उरलेला कधी पडेल याची घरच्यांना धास्ती होती. पुढचं दीड वर्ष मी या भिंतीशी जोडलेली राहिले. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. भिंत, चुका आणि त्यांचा क्रम जसा होता तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

होटगी रोडच्या बाजूचं पंचवीसेक वर्षांचं रो-हाऊस. घरातले कर्ते गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्या पत्नीला अक्का. घरात तेलुगू, दारात मराठी, अशी शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर वस्तीतून आलेल्या कितीतरी घरांची रीत या घरातही आहे. अण्णांनी आयुष्यभर चादरीची नक्षी काढली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून जकार्डची कार्डं भोकं पाडून तयार करायची, आणि ती कार्डं ओळीने ओवली की मागावर मोर उमटायचा. एक कार्ड मागेपुढे झालं की मोराची मान मोडते, हे वाक्य मी त्यांच्याकडून दहा वेळा तरी ऐकलं असेल.

निवृत्तीनंतर हात रिकामे. मुलाने मोबाइलवर दोन ठिकाणची छायाचित्रं दाखवली. एक चंदीगडचं रॉक गार्डन, सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी फुटक्या कपबश्या, बांगड्या आणि फरश्यांमधून उभं केलेलं, १९७६ साली लोकांसाठी खुलं झालेलं. दुसरं बार्सिलोनातलं पार्क ग्वेल, १९०० ते १९१४ या काळात आंतोनी गाउदी यांनी घडवलेलं, फुटक्या चकचकीत टाइलने मढवलेला वळणदार कट्टा असलेलं. अण्णांना त्यात ग्राफचे चौकोन दिसले, फक्त वेडेवाकडे. चौकोन रंगवून चित्र करणं त्यांच्या हाताला माहीत होतं.

आपल्याकडे मोझॅक म्हटलं की संगमरवरी दाण्यांची जुनी फरशी आठवते, नाहीतर गच्चीवर पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवून केलेला चायना मोझॅक. अण्णांना करायचं होतं ते भिंतीवरचं चित्र. जागा ठरली ती पश्चिमेकडची, पार्किंगलगतची विटांची भिंत, १४ फूट लांब आणि ९ फूट उंच. दारातून आत शिरताना पहिली नजर तिथेच पडते.

सामान फुकटात जमलं. टाइलच्या दुकानामागे वाहतुकीत फुटलेल्या पेट्यांचा ढीग असतो. तो कुणी नेला तर दुकानदाराला बरंच वाटतं. गल्लीत एका घरी बाथरूम नव्याने करत होते, तिथून चार पोती आली. जुन्या ओट्याची आणि परसातली शहाबादी फरशी मिळाली. पाटे-वरवंटे घडवणाऱ्याकडून काळ्या पाषाणाच्या ढलप्या आणल्या. अक्कांनी सगळं धुऊन रंगांप्रमाणे घमेल्यांत लावलं.

इथेच पहिला निर्णय झाला, आणि तो उत्तम झाला. अण्णांच्या डोक्यात अर्थातच मोर होता. पण घमेली पाहिली तर अकरा घमेली मळकट पांढरा, बदामी, कॉफी, राखाडी आणि काळा. निळा-हिरवा मिळून जेमतेम एक. निळ्या टाइल विकत घ्याव्यात असं मुलगा म्हणाला. अण्णा दोन दिवस ढिगासमोर बसून राहिले आणि म्हणाले, "ह्यात मोर नाहीच की. ह्यात माळ आहे." म्हणून चित्र ठरलं माळढोकाचं. सोलापूरच्या माणसाला नान्नजचं माळढोक अभयारण्य सांगावं लागत नाही, आणि तिथे आता हा पक्षी दिसणं किती दुर्मीळ झालंय हेही. काळी टोपी, पांढरट लांब मान, छातीवर काळा पट्टा, तपकिरी पाठ, भोवती वाळलेलं गवत. ढिगातले सगळे रंग कामी आले. ज्याला घरी असं काम करायचंय त्याने आधी तुकडे जमवावेत आणि मग चित्र ठरवावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

अडचण

गड्ड्याची यात्रा संपल्यावर, जानेवारीच्या अखेरीस काम सुरू झालं. भिंतीवर खडूने चित्र काढलं. भिंतीला बाहेरचा रंग होता, त्याखाली डिस्टेंपर, त्याखाली कधीकाळचा चुना. ओळखीच्या गवंड्याने सल्ला दिला की सिमेंटच्या मालात थोडा लाकडाचा पांढरा गोंद घाला, म्हणजे चिकटेल. तो म्हणाला, "गच्चीवरचा चायना मोझॅक वीस वर्षं टिकतो, भिंतीवर काय होतंय?"

हा प्रश्न मला पुढेही अनेकांनी विचारला, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. गच्चीवर तुकडा ओल्या, जाड मालात दाबला जातो आणि त्याचं वजन त्याला खालीच दाबत राहतं. भिंतीवर तेच वजन तुकड्याला सतत खाली ओढतं. गच्चीवर सुटलेला तुकडा पायाखाली खुळखुळतो. भिंतीवर सुटलेला तुकडा डोक्यावर येतो.

एप्रिलपर्यंत डाव्या बाजूचं सुमारे ३० चौरस फूट काम झालं. गवत, क्षितिज आणि पक्ष्याचे पाय तयार होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री मोठा आवाज झाला. दोन फूट बाय दीड फुटाचा सलग पापुद्रा, बारा-तेरा किलोचा, साधारण पाच फुटांवरून खाली आला होता. नातवाची सायकल तिथेच लावलेली असायची. तिचं पुढचं चाक वाकलं.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. सगळं काढून टाका, छापील टाइलचं तयार चित्र मिळतं ते लावू. अण्णा बोलेनात. अक्कांनी मला फोन केला, कारण दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या गच्चीचं काम केलं होतं.

तपासणी

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सात वाजता मी गेले. दहानंतर त्या दिवसांत सोलापुरात भिंतीला हात लावून उभं राहणं कठीण असतं.

आधी लाकडी दांडक्याने सगळं काम ठोकून पाहिलं. घट्ट बसलेला तुकडा ठस्स वाजतो, सुटलेला पोकळ. पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारत गेले. ३० चौरस फुटांपैकी निम्म्याहून जास्त भागावर फुल्या पडल्या. अण्णा प्रत्येक फुलीकडे बघत होते. मला ते जड गेलं, पण खुणा न करता नुसतं तोंडी सांगितलं असतं तर पुढचा निर्णय झाला नसता.

मग पडलेले तुकडे उलटे करून पाहिले. या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम हेच होतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. सुटलेल्या तुकड्याची पाठ सांगते की जोड नेमका कुठे तुटला. इथे तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली.

बहुतेक तुकड्यांच्या पाठीला सिमेंट घट्ट होतं आणि सिमेंटच्या पाठीला रंगाचा पापुद्रा. म्हणजे टाइल सिमेंटला धरून होती, सिमेंट रंगाला धरून होतं, पण रंगाने आणि चुन्याने भिंत सोडली होती. गोंद कितीही घातला असता तरी फरक पडला नसता.

काही तुकड्यांची पाठ मात्र स्वच्छ होती, जणू कधी काही लागलंच नव्हतं. ते सगळे व्हिट्रिफाइड टाइलचे. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. साधं सिमेंट तिच्या छिद्रांत शिरून धरून राहतं. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पीत नाही. तिच्यासाठी पॉलिमर मिसळलेला टाइल अ‍ॅढेसिव्हच लागतो. अक्कांनी रंगांप्रमाणे घमेली लावली होती, पण जातीप्रमाणे कुणीच लावली नव्हती. ओळखायची रीत सोपी आहे : पाठीवर पाण्याचा थेंब टाकायचा. मुरला तर साधी सिरॅमिक, तसाच मण्यासारखा राहिला तर व्हिट्रिफाइड.

तिसरं उत्तर भिंतीच्या तळाशी होतं. खालच्या दीड-दोन फुटांत लोणा लागला होता, भिंतीतल्या मिठाची पांढरी पूड बोटाला येत होती. शंका नको म्हणून भिंतीच्या तीन ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला. वरच्या दोन कागदांपैकी एकाच्या आणि खालच्या कागदाच्या आत थेंब जमले. म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती, तीही दोन वाटांनी.

खालची वाट कळली. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घराघरात हौद असतो, आणि या घरचा हौद याच भिंतीच्या पायाला लागून होता. वरची वाट अक्कांनी सांगितली. पाणी अवेळी येतं, मोटर लावून डोळा लागतो आणि गच्चीवरची टाकी भरून वाहते. त्या जादा पाण्याचा पाइप या भिंतीच्या माथ्यावरच उघडा सोडलेला होता.

पर्याय

अंगणात चटई टाकून आम्ही सगळे बसलो. पर्याय पाच होते.

पोकळ वाजणारे भाग तेवढे काढून पुन्हा बसवणं अण्णांना हवं होतं. तीन महिन्यांची मेहनत होती. पण ठस्स वाजणारा भागही त्याच रंगावर बसला होता. आज धरलेला उद्या सुटणार होता. मी नाही म्हटलं.

छापील टाइल लावणं मुलाला हवं होतं. खर्च कमी, वेळ कमी. पण रंग, ओल आणि लोणा यांचा प्रश्न तसाच राहिला असता. हे सांगितल्यावर मुलगा गप्प झाला. त्याला वाटत होतं की दोष तुकड्यांचा आहे.

तिसरा पर्याय जिन्याच्या आतल्या भिंतीचा. कोरडी, सावलीतली. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपा. पण तिथे चार फूट रुंदीतून मागे सरून चित्र बघायला जागाच नव्हती.

चौथा, लोखंडी चौकट भिंतीपासून दोन इंच पुढे उभी करून तिच्यावर सिमेंट फायबरचे बोर्ड आणि बोर्डांवर चित्र. ओलीशी संबंधच उरत नाही, आणि घर बदललं तर चित्र बरोबर नेता येतं. माझा कल याकडे होता. पण चौकटीच्या खर्चाचा आकडा ऐकून अक्कांनी मान हलवली, आणि फुकटच्या तुकड्यांचं काम एवढ्या महागड्या पाठीवर ठेवायचं अण्णांच्या मनाला पटेना.

पाचवा पर्याय : भिंत विटांपर्यंत सोलायची, ओलीच्या वाटा बंद करायच्या, नवा गिलावा करायचा, आणि दरम्यान चित्र घरात बसून जाळीवर तयार करायचं. याला वेळ सगळ्यात जास्त लागणार होता. दिवाळीच्या आत चित्र भिंतीवर चढणार नाही हे मी स्पष्ट सांगितलं.

पाचवा ठरला, एका बदलासह. खालचे दोन फूट चित्राशिवाय सोडायचे. हौद हलवता येणार नव्हता, म्हणजे तिथली ओल पूर्ण बंद होणार नव्हती. ओल्या भिंतीला टाइलने झाकलं की ओल वर चढते. तो पट्टा उघडा राहिला तर भिंत तिथून श्वास घेईल. चित्र उरलं १४ फूट बाय ७ फूट, म्हणजे ९८ चौरस फूट.

आधीचं ३० चौरस फूट काम उतरवायचं ठरलं तो दिवस या प्रकरणातला सगळ्यात अवघड. अण्णा म्हणाले, "ताई, मी नाही काढणार. तुम्ही काढा, पण तुकडे फेकू नका." बिगाऱ्याने छिन्नीने काढलं, अक्कांनी एकेक तुकडा पुन्हा घमेल्यात ठेवला.

भिंत

सोलापूरचं ऊन आमच्या कामी आलं. मे महिन्यात विटा उघड्या ठेवल्या आणि भिंत वाळू दिली. जादा पाण्याचा पाइप वळवून बागेत सोडला, टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह बसवला, हौद आतून वॉटरप्रूफ करून घेतला. लोणा कोरड्या ब्रशने झाडला, दर आठवड्याला. पाण्याने धुतला तर मीठ विरघळून पुन्हा विटेत जातं. ही चूक घरोघरी होते.

गिलावा मेमध्ये करायचा नाही हेही ठरवून केलं. त्रेचाळीस अंशांत पश्चिमेच्या भिंतीवरचा गिलावा पाणी मारून ओला ठेवायचा तर टँकर मागवावा लागला असता. जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर एकास चार मालाचा, म्हणजे एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळूचा, गिलावा केला. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर कोंबडीजाळी मारली, म्हणजे तिथे चीर पडून ती चित्रात उमटू नये. वरून नीरूचा (चुन्याचा) किंवा सिमेंटचा गुळगुळीत हात फिरवू दिला नाही. गवंड्याला ते अपुरं काम वाटत होतं. खरबरीत पृष्ठभागावरच अ‍ॅढेसिव्ह चांगला धरतो हे त्याला दोनदा समजावलं. दहा दिवस पाणी मारलं आणि मग भिंत तशीच सोडली. आपल्याकडे सप्टेंबरात सर्वांत जास्त पाऊस असतो. तो पडून गेल्यावर पुन्हा प्लॅस्टिकची परीक्षा घेतली. वरचे दोन्ही कागद कोरडे निघाले.

चित्र

दरम्यान हॉलमध्ये अण्णांचं राज्य होतं. ग्राफच्या कागदावर एक इंचाला एक फूट धरून त्यांनी माळढोक काढला, मग कागद जोडून पूर्ण आकाराचं चित्र जमिनीवर पसरलं. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर फायबरची जाळी, जाळीवर तुकडे. पांढरा गोंद पुन्हा आणला गेला होता. तो मी परत पाठवला. बाहेरच्या भिंतीवर तो पाण्याने मऊ पडतो. पाण्यात न विरघळणारा गोंद आणला, आणि प्रत्येक तुकड्याला थेंबाएवढाच लावायचा असं सांगितलं. जाळीची छिद्रं गोंदाने बुजली तर अ‍ॅढेसिव्ह तुकड्यापर्यंत पोचत नाही. हे शेवटचं मी एकदाच सांगितलं. दोनदा सांगायला हवं होतं. ते पुढे कळेलच.

तुकडे करायची रीत त्यांनी स्वतः बसवली. टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीचा एक ठोका, आणि मग चाकांच्या निपरने, म्हणजे टाइल तोडायच्या पकडीने, आकार. डोळ्यांना गॉगल हवाच, काचेसारखी कपची उडते. दगड कापायला मात्र त्यांनी अंगणात ग्राइंडर कोरडाच चालवला. दोन दिवसांत अक्का खोकायला लागल्या. दगडाची ती बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. तेव्हापासून मास्क लावून, पाण्याची धार सोडूनच कापायचं असा नियम झाला.

पक्ष्याची मान हा भाग मला सगळ्यात आवडतो. पहिल्यांदा अण्णांनी ती एकसारख्या चौकोनी तुकड्यांनी भरली, चादरीतल्यासारखी. मान दिसत होती, पण मेलेली. नातू म्हणाला, "आजोबा, हा पुतळा आहे." अण्णांनी चार दिवसांचं काम उचकटलं आणि लांबट तुकडे मानेच्या वळणाने लावले, चोचीपासून पाठीपर्यंत ओळी वाहत आणल्या. तेवढ्याने पक्षी मान उंचावून बघतोय असं वाटायला लागलं. चाळीस वर्षं उभ्या-आडव्या धाग्यांत काम केलेल्या माणसाला वळण सापडलेलं मी पाहिलं, आणि त्या दिवशी हे चित्र भिंतीवर टिकलंच पाहिजे असं मला मनापासून वाटलं.

जाळीचे भाग कसे कापायचे यावर आमचं एकमत झालं नाही. मला वाटत होतं, आकृतीच्या कडेने कापावेत, म्हणजे सांधा दिसत नाही. अण्णांना एक फुटाचे चौकोन हवे होते, कारण त्यांना क्रमांक देता येतात. शेवटी पक्षी त्याच्या कडेने कापला आणि आभाळ चौकोनांत. प्रत्येक भागाच्या पाठीवर क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण, आणि तोच क्रमांक कागदावर. जकार्डच्या कार्डांची शिस्त इथे कामाला आली. ९२ भागांपैकी एकही हरवला नाही की उलटा लागला नाही.

दगडाने मात्र आम्हाला अडवलं, आणि ती चूक माझी. टाइल ८ मिलिमीटर जाड, शहाबादी २० ते २५, पाषाणाच्या ढलप्या त्याहून वेड्यावाकड्या. जाळीवर सगळं एकत्र लावलं तर पाठ सपाट येते, पण दर्शनी बाजू खालीवर होते. शिवाय वजन : टाइलचं काम अ‍ॅढेसिव्ह आणि ग्राउटसकट (ग्राउट म्हणजे तुकड्यांमधल्या फटी भरायचा माल) चौरस फुटाला सव्वादोन किलोच्या आसपास जातं, दोन सेंटिमीटर जाडीचा काळा पाषाण एकटाच पाच किलोच्या वर. उचलताना जाळी फाटायला लागली. दगडाचे सगळे तुकडे जाळीवरून काढले आणि ते भिंतीवर एकेक करून, खालच्या जमिनीच्या पट्ट्यातच बसवायचे ठरवले. पक्ष्याच्या काळ्या टोपीसाठी पाषाण हवा हा अण्णांचा हट्ट होता. तिथे काळी टाइल आली. त्याची हळहळ त्यांना अजून आहे.

भिंतीवर चढवणं

दिवाळीनंतर आठ सकाळी हे काम केलं. पश्चिमेची भिंत दुपारपर्यंत सावलीत असते, म्हणून सात ते अकरा. सगळ्यात खाली लेव्हल पाहून लाकडी पट्टी ठोकली, म्हणजे भाग घसरायचे नाहीत, आणि तिथून वर चढत गेलो.

अ‍ॅढेसिव्ह एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवायचा. कालवून पाच-दहा मिनिटं ठेवायचा, पुन्हा ढवळायचा, आणि त्यानंतर पाणी घालायचं नाही. घट्ट होतोय म्हणून घमेल्यात पाणी शिंपडणं हा आपल्या कामगारांचा हातचा रिवाज आहे. माल मऊ होतो पण ताकद जाते. दातेरी थापीने एका भागापुरताच माल ओढायचा, बोट लावून पाहायचं. बोटाला चिकटला तर भाग लावायचा, वर साय धरली असेल तर खरवडून टाकायचा. मग लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोडीने हलकेच ठोकायचं. दगडांना पाठीलाही माल लावला.

चित्राच्या चारही कडांना ८ मिलिमीटरची फट सोडली आणि मध्ये क्षितिजाच्या रेषेत एक आडवा सांधा. तिथे ग्राउट भरलं नाही, लवचिक सीलंट भरलं. मेमध्ये ही भिंत संध्याकाळी हात ठेवू देत नाही आणि पहाटे गार होते; रोज फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या कामाला सरकायला जागा लागते. सांधा क्षितिजात लपवायची कल्पना अण्णांची.

ग्राउटच्या रंगावर पुन्हा दोन मतं. अण्णांना पांढरं हवं होतं. टाइलच्या एका तुकड्यावर तीन रंग करून पाहिले. पांढऱ्यात प्रत्येक तुकडा सुटा दिसायला लागला आणि पक्षी हरवला. गवतात मातकट आणि आभाळात फिकट राखाडी, असं ठरलं. त्याआधी शहाबादीला सीलर लावला, नाहीतर ती रंग पिऊन डागाळते. भाग चिकटवल्यावर तीन दिवसांनी ग्राउट भरलं, ओल्या स्पंजने पुसलं. आणि शेवटी नातवाच्या उंचीपर्यंतची प्रत्येक धारदार कड कार्बोरंडमच्या दगडाने घासली. या कामाला दोन पूर्ण दिवस गेले.

निकाल

एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. एकही तुकडा पडलेला नाही. खालच्या उघड्या पट्ट्यावर थोडा लोणा अजून येतो, अक्का महिन्यातून एकदा ब्रशने झाडतात. चित्रापर्यंत तो चढलेला नाही.

आभाळातले चौकोनी सांधे मात्र दिसतात. दिवसभर नाही. ऊन माथ्यावरून पश्चिमेला कलायला लागतं तेव्हा भिंतीला घासून प्रकाश येतो आणि एक फुटाच्या चौकोनांची चौकट स्पष्ट उमटते. मी अण्णांना हे आधी बॅटरी भिंतीला टेकवून दाखवू शकले असते. तसं केलं असतं तर आभाळही ढगांच्या आकारात कापलं असतं.

आज हेच काम पुन्हा करायचं तर मी आणखी तीन गोष्टी बदलेन. दगड आधीच दगड कापणाऱ्याकडून दहा-बारा मिलिमीटरच्या चकत्यांत कापून घेईन, म्हणजे काळ्या टोपीला पाषाण मिळेल. जाळीचा पहिला भाग तयार झाल्यावर तो उलटा करून छिद्रं मोकळी आहेत का हे स्वतः पाहीन. आणि घरच्यांनी कामाला हात घालण्याआधी, म्हणजे जानेवारीतच, भिंतीच्या एका कोपऱ्यात एक चौरस फूट बसवून महिनाभर ठेवायला आणि मग ओढून काढायला सांगेन. तीन महिन्यांची मेहनत उतरवायची वेळ त्यामुळे टळली असती. लोखंडी चौकटीचा पर्यायही मी अजून मनातून काढलेला नाही. ज्यांच्या भिंतीला बाहेरून सतत पाणी लागतं त्यांना मी तोच सांगेन.

यंदा दसऱ्याच्या आधी पुन्हा दांडक्याने सगळी भिंत ठोकली. वर डाव्या बाजूला दोन भाग पोकळ वाजले, शेजारशेजारचे. कागदावर क्रमांक पाहिले तर दोन्ही एकाच संध्याकाळी केलेले, नातवाने मदत केली होती ती संध्याकाळ. गोंद सढळ हाताने लागला असणार. ते दोन भाग अण्णांनी पुन्हा हॉलमध्ये कागदावर मांडायला घेतले आहेत, या वेळी ढगाच्या कडेने. नोव्हेंबरच्या पहिल्या थंड सकाळी जुने काढून नवे बसवायचे आहेत. तोवर सायकल दुसऱ्या बाजूला लावायची, असं घरात सगळ्यांना सांगितलं आहे.